आक्काच्या भिंतीतला प्लग

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण लोक देऊन टाकतात, चपला गावाबाहेर ठेवून येतात. पण मशीन? चांगलं चालतं, महागामोलाचं मशीन कोण टाकून देतं हो? म्हणून वैजापूरच्या लक्ष्मीबाई गेल्या, त्यांचं दिवसकार्य उरकलं, आणि एका रविवारी सकाळी त्यांची भाची निशा भाड्याची गाडी करून ते मशीन आणायला निघाली. हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीनं नाकाला पुरवायचा, असं ते मशीन. गाडीवाल्याला तिनं वाटेत भजी खाऊ घातली, स्वतः चहा घेतला. साधं काम होतं.

निशा मुकुंदवाडीची. शेंद्र्याला एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायची नोकरी. घरी बापलेक दोघंच. वडील सर्जेराव, ती त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांचा उभा जन्म सिल्लोडच्या जिनिंगात गेला. कापसातून सरकी निघाली, पण कापसाची धूळ अण्णांच्या छातीत बसली ती काही निघाली नाही. लक्ष्मीबाई ही त्यांची थोरली बहीण, आक्का. तीही लग्नानंतर वैजापूरच्या जिनिंगात राबलेली. भाऊ-बहिणीला एकच दुखणं. आता आक्काचं मशीन भावाला गेलं तर त्यात वावगं काय? तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

लक्ष्मीबाईंचा मुलगा सुदर्शन यानं मशीनची पिन ओढून काढली. सॉकेटात एक पांढरा, मुठीएवढा प्लग मागं राहिला. हल्ली मिळतात ना तसला. तो भिंतीच्या सॉकेटात बसतो, मशीनची पिन त्याच्यात बसते. मोबाईलवरून चालू-बंद होतो, आणि मशीन किती वीज ओढतंय तेही मोजून दाखवतो. निशाच्या डोळ्यांत लगेच चमक आली. असल्या वस्तू दिसल्या की तिचे हात शिवशिवायचे.

"हा पण नेऊ का रे?"

"तो मेलाय," सुदर्शन म्हणाला. "कंपनी बुडाली त्याची. ॲप उघडत नाही. भंगार आहे नुसतं."

"मेला नाही रे बाबा. मालक मेलाय त्याचा. आतली चिप ठणठणीत असते."

"राहू दे ना, निशा."

"का?"

सुदर्शन भिंतीकडं बघत राहिला. "काही नाही… जुना झालाय."

तिनं प्लग काढून पर्समध्ये टाकला. सुदर्शन पुढं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, पण माणसं बोलायच्या वेळी बोलत नाहीत, हीच तर रड आहे.

त्या प्लगाचा निशाला एवढा मोह का पडला, तेही ऐका. लाईट गेली की अण्णांचं मशीन बंद. घरचा इन्व्हर्टर म्हातारा झालेला, पंखा आणि दिवा ओढायचा, मशीन लावलं की कण्हून बसून जायचा. अण्णांच्या उशाशी ऑक्सिजनचं सिलेंडर उभं असायचं, पण त्याची चावी त्यांच्या थरथरत्या हातानं फिरत नव्हती. म्हणून बापलेकीनं मिस कॉलची खूण ठरवली होती. अण्णा मोबाईलचं एकच बटण दाबायचे. एक रिंग म्हणजे लाईट गेली, लागोपाठ दोन म्हणजे आली. एक वाजली की निशा शेजारच्या जोहराखालाला फोन करी, खाला पिठाचे हात झटकत धावत येई आणि चावी फिरवून देई. भाड्याचं मशीन होतं तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

पण उन्हाळ्यातली लाईट म्हणजे काय ते सांगायला नको. दिवसभर रिंगा. सुपरवायझर डोळे वटारायचा. त्यात अण्णा कधी कधी लाईट असतानाही बटण दाबायचे. विचारलं की म्हणायचे, "चुकून दाबलं गं." चुकून कसलं? पोरीची आठवण यायची. तिला ते कळायचं, राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची.

प्लग बोलायला लागला तर या सगळ्यातून सुटका होती. अण्णांचं मशीन चालू आहे की नाही, ते तिला शेंद्र्यात बसून दिसलं असतं.

त्याच दुपारी ती अण्णांच्या खाटेजवळ टेबल ओढून बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत प्रत्येक खिडकीतला कूलर घरघरत होता. बोथट सुरीनं तिनं प्लगाची चिकटवलेली फट उकलली. कवच सुटलं तसा आतून एकदम वास आला. ओव्याचा. भाजलेल्या ओव्याचा. आत्या सदा ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरून बसायची.

"त्या घरात होता, लागला असेल वास," ती स्वतःशीच म्हणाली.

चिपच्या कडेला तिनं केसाएवढ्या चार तारा कथलानं डाखल्या, त्यांची दुसरी टोकं एका छोट्या कन्व्हर्टरमधून लॅपटॉपला जोडली. भिंतीच्या विजेशी आता प्लगाचा काडीचा संबंध नव्हता. उघड्या प्लगाला घरची वीज लावायची नसते, माणूस जागेवर जातो. लॅपटॉपच्या चिमूटभर विजेवरच हे काम करायचं असतं.

"काय करतीस गं?" अण्णांनी विचारलं. नाकातल्या नळीमुळं त्यांचा आवाज गेंगाणा यायचा.

"याचं डोकं बदलतेय. जुन्या कंपनीचं फर्मवेअर पुसायचं आणि दुसरं घालायचं. जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलंय, सगळ्यांना खुलं आहे. मग हा कुणाचा नोकर नाही, आपल्याच घरचा."

"आन् जुनं कुठं जातं?"

"कुठं जात नाही अण्णा. पुसलं जातं."

"पुसलं म्हंजी कुठं जातं?"

निशा हसली. म्हाताऱ्या माणसांचे प्रश्न! तिनं आज्ञा दिली, पडद्यावर पट्टी सरकत गेली, जुनं पुसलं, नवं बसलं. तिनं तारा काढल्या, कवच चिकटवून घट्ट दाबून धरलं, आणि नंतर प्लग भिंतीला लावला. निळा दिवा लागला. घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड दिलं, राऊटरशेजारच्या जुन्या लॅपटॉपवर आकडे पडायला लागले. मेलेलं काही उठून बसलं की कुणालाही आनंद होतो. तिलाही झाला.

आता राहिलं माप. नवं फर्मवेअर घातलं की प्लगाला माप शिकवावं लागतं. ठाऊक असलेला भार द्यायचा आणि सांगायचं, बाबा रे, याला शंभर म्हणतात. त्यासाठी तिनं शंभर वॉटचा पिवळा बल्ब जपून ठेवला होता. पण बल्ब लावायच्या आधीच तिचा हात थांबला.

प्लगात काही नव्हतं. रिकामा होता. आकडा शून्य हवा. पण पडद्यावरची रेघ वर चढत होती. थोडी चढली, मध्येच अडखळली, थांबली, मग उरलेली चढली. आणि सावकाश खाली उतरून शून्याला टेकली. जरा वेळ तिथंच राहिली. परत चढायला लागली, परत मध्येच अडखळली.

तिनं बल्ब जोडला. बल्ब पेटला, आणि अगदी जरासा, डोळ्याला भास वाटावा इतका, उजेड फुगायला लागला. फुगता फुगता अडखळायचा. मग मंद व्हायचा.

खाट करकरली. अण्णा कोपरावर उठून बल्बकडं बघत होते.

"निशा… ही आक्का व्हय."

"अण्णा, काहीतरीच काय?"

"आक्का अशीच दम घ्यायची… अर्धा घ्यायची, थांबायची… मंग उरलेला. लहानपनापास्नं शेजारी झोपलो मी तिच्या. मला नाय कळायचं?"

निशाच्या अंगावर सरसरून काटा आला. पण शिकलेल्या माणसाकडं प्रत्येक काट्याला एक नाव तयार असतं. व्होल्टेज हलतंय, ती म्हणाली. मुकुंदवाडीची लाईट कधी सरळ असते का? रिकाम्या प्लगातला आकडा म्हणजे नुसता गोंगाट. आणि अशा गोंगाटावर फर्मवेअरमध्ये उपाय असतोच. तिनं लिहिलं, दहा वॉटच्या खालचं काही दाखवू नकोस. बल्बवर माप पक्कं केलं, मग बल्ब काढून बघितलं. रेघ शून्यावर सपाट झोपली. झालं काम.

दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं तिला वाटलं. तिची चूक झाली ती एवढीच.

मग मशीन लावलं, आणि कारखान्यात शिकलेल्या शिस्तीनं तिनं पारख केली. मेन स्विच पाडला. राऊटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर होते, त्यामुळं फोन तत्काळ किंचाळला, की प्लगाशी संपर्क तुटला. स्विच वर केला, रेघ परत आली. पुन्हा पाडला, पुन्हा किंचाळला. कितीदा तरी केलं, एकदाही चुकलं नाही. बिचारे अण्णा तेवढा वेळ धाप लागून बसले होते.

"झालं अण्णा. आता मिस कॉल द्यायचे नाहीत. लाईट गेली की मला आपोआप कळेल."

अण्णांनी प्लगाच्या निळ्या दिव्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मशीन लाव की. पर त्या प्लगातून नको. भिंतीला लाव सरळ."

"का?"

"आक्काला एकटीला करमायचं नाय कधी."

"अण्णा!" ती ओरडलीच. लेकीपुढं त्यांचं काही चालत नव्हतं.

पुढं सगळं बरं चाललं होतं. लाईट जायची, फोन किंचाळायचा, खाला धावायची. सुपरवायझरसुद्धा म्हणाला, मॅडम, हे माझ्याही आईला बसवून द्या. अण्णा मात्र मधूनच एखादी रिंग द्यायचे. ती मोबाईलवर रेघ बघायची. रेघ मशीनच्या तालावर चाललेली असायची, मग ती फोन उचलायची नाही. संध्याकाळी लटकं रागवायची.

एक दिवस जोहराखाला दारात आली. "बेटा, करमाडला भाचीचा निकाह है. जाऊ का नको? सर्जूभाईला कोन बघंल?"

"खाला, बिनधास्त जा. मला मोबाईलवर सगळं दिसतं, लाईट गेली तर मीच धावत येईन."

खाला गेली, हातावर मेंदी काढून. त्या दिवशी ऊन असं होतं की कारखान्याचे पत्रे तडतडत होते. जेवणाची सुट्टी होऊन गेली आणि निशाचा फोन वाजला. एक रिंग. बंद.

तिनं बघितलं. संपर्क तुटल्याची सूचना नव्हती. प्लग चालू, भार चालू, रेघ वरखाली होत होती. म्हणजे लाईट होती. जरा वेळानं परत एक रिंग. परत तिनं रेघ बघितली. चांगली ठळक, शंभराच्या वर जाऊन येत होती. चढताना मात्र मध्येच अडखळत होती.

मशीनची जाळी तुंबली असणार, तिच्या मनात आलं. रविवारी धुवायला हवी.

तिसऱ्यांदा रिंग आली तेव्हा ती कातावली. "अण्णा, लाईट आहे ना हो!" असं पुटपुटून तिनं फोन टेबलावर पालथा घातला. त्यानंतर रिंग आली नाही.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली आणि तिची स्कूटी आपोआप हळू झाली. गल्ली गप्प होती. एकाही खिडकीतला कूलर घरघरत नव्हता. बायका दारात पदरानं वारा घेत बसल्या होत्या, लेकरं घामानं चिकचिकलेली.

"लाईट कधी गेली हो?" तिनं विचारलं.

"अगं, भर दुपारीच. डीपी उडाली ना चौकातली. कसला आवाज झाला, बाई! अजून माणूस आला नाय बघायला."

निशानं फोन काढला. रेघ वरखाली होत होती.

दार लोटलं तर आत ओव्याचा वास कोंडलेला. मशीन मुकं होतं, त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. अण्णा खाटेच्या कडेवर वाकडे झाले होते. एक हात सिलेंडरच्या चावीवर. चावी जराशी, अगदी जराशी फिरलेली. दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलच्या त्या एका बटणावर. तिनं त्यांना हलवलं, हाका मारल्या, चावी फिरवली, नळी नाकाशी दाबून धरली. सगळं केलं. अंग कधीच गार पडलं होतं.

मग तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती. आणि आक्काच्या भिंतीतून आणलेल्या त्या प्लगाचा निळा दिवा लागलेला होता.

दहाव्याला सुदर्शन आला. पिंडाला कावळा शिवेना, सगळे ताटकळले होते, तेव्हा तो निशाला बाजूला घेऊन गेला.

"निशा, मोबाईलवर काय दिसत होतं… त्या वेळी?"

"चालू."

तो म्हणाला, "आईच्या वेळीही तसंच. मी मार्केट यार्डात होतो. ॲपवर मशीन चालू. घरी आलो तर… फ्यूज उडालेला. मी कुणाला बोललो नाही गं. म्हटलं, ॲप खराब असेल. कंपनी बुडाली तेव्हा सुटल्यासारखं झालं. तो प्लग हातानं काढायचा धीर होईना मला, तू काढलास…"

निशानं त्याला शिवी दिली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आत्याच्या आधी कुठं होता तो?"

"मशीनबरोबर आलेला. जुनंच घेतलं होतं आम्ही. वापरलेलं."

दुपारी पाहुणे पांगले. जोहराखाला आपल्या घरी रडून रडून झोपली होती, करमाडला गेल्याचं तिनं मनाला लावून घेतलं होतं. घरात निशा एकटीच. पंखा फिरत होता, लाईट होती. प्लग तिनं अण्णा गेले त्याच दिवशी भिंतीतून उपटून स्टीलच्या डब्यात घातला होता, डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. वीज नाही, तार नाही. तिनं मोबाईल उघडला.

रेघ चालू होती.

पण आज ती अडखळत नव्हती. दोन आखूड उड्या, आणि मग खोकला अडवून धरल्यासारखी एक लांब. दोन आखूड, एक लांब. हा ताल ऐकत ती वर्षानुवर्षं पलीकडच्या खोलीत झोपली होती. कारखान्यात शिकलेलं काही आठवेना, आठवावंसंही वाटेना. खोलीत सरकीचा तेलकट वास भरला होता, जिनिंगातून आल्यावर अण्णांच्या सदऱ्याला यायचा तोच.

"अण्णा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "अण्णा, मी उचलायला हवा होता हो फोन. एकदा तरी उचलायला हवा होता."

डबा विहिरीत टाक, दगडानं ठेच, असं सुदर्शन बजावून गेला होता. कसा टाकणार? बापाचा श्वास होता तो. जगात तेवढाच उरला होता. तिनं फोन छातीशी धरला, भिंतीला टेकून खाली बसली आणि रेघ बघत राहिली. बघता बघता रडणं ओसरलं. हुंदके तेवढे येत राहिले.

तेव्हा तिला दिसलं. अण्णांच्या लांब रेघेच्या मध्ये काहीतरी बारीक होतं. लहान लहान, भरभर येणारे दाते. आधी नव्हते. ते अडखळत नव्हते, खोकत नव्हते. मध्येच एखादा दाता हुंदक्यासारखा उसळायचा.

निशानं नीट बघण्यासाठी श्वास रोखून धरला.

अण्णांची रेघ चालत राहिली. ते बारीक दाते थांबले.